दीड वीत फीत

गाडीत टेप बसवणाऱ्या माणसाला नेमकं काय म्हणायचं, हे आमच्या बीडमध्ये शेवटपर्यंत कुणाला ठरवता आलं नाही. मेकॅनिक म्हणावं तर तो इंजिनाला हात लावत नाही. वायरमन म्हणावं तर घरचा पंखा दुरुस्त करायला येत नाही. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. पाहुण्यांपुढे ते आम्हा भावांची ओळख अशी करून द्यायचे, "थोरला दुकान बघतो, अन् हा धाकटा मोटारीत गाणे भरतो." नाव माझं मन्मथ, पण आमच्या लिंगायत घरांत मिसरूड फुटलं की माणसाचा आप्पा होतो, तसा माझाही झाला. बसस्टँडमागच्या गल्लीत आप्पाचं दुकान म्हटलं की उमापूरपासून आष्टीपर्यंतचे ड्रायव्हर बरोबर येऊन थांबत.

काम समजायला अवघड नाही. जुन्या ॲम्बेसिडरसारख्या गाड्यांना कंपनीतूनच एक रेडिओ बसून यायचा. दोन बटणं, मधे काचेची पट्टी, पट्टीत सरकणारी लाल काडी आणि डॅशबोर्डच्या पोटात एकच स्पीकर. गाव मागं पडलं की बातम्या कमी आणि खरखर जास्त. नव्वद साल उलटल्यावर बाजार मोकळा झाला आणि पुण्याच्या दुकानांत कॅसेटचे टेप थप्पीनं दिसायला लागले. नाव परदेशी, आतला माल कुठला ते देवाला ठाऊक. नवी गाडी घेणं फार थोड्यांना जमत होतं, पण जुन्या गाडीला नवा गळा बसवणं पुष्कळांना जमत होतं. तो गळा मी बसवायचो.

रेडिओ काढायचा, त्याची खाच कानशीनं वाढवून टेपच्या मापाची करायची, बॅटरीकडून फ्यूज टाकून लाइन आणायची, मागच्या काचेखालच्या फळीत दोन स्पीकर बसवायचे. इथपर्यंत कुणीही करतो. पण इंजिन चालू झालं की स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो. तो डायनामोचा. तो मारता आला तर तुम्ही कारागीर, नाहीतर नुसते भोकं पाडणारे.

गिऱ्हाइकं एकाहून एक. पालीच्या एका गुरुजींना टेप तर हवा होता, पण जुना रेडिओ काढायचा नव्हता. गाडी सासऱ्यांनी दिलेली, आणि सासरे दर सुट्टीत येऊन पुढच्या सीटवर बसत आणि आधी रेडिओ लावत. शेवटी मी टेप कागदपत्रं ठेवायच्या कप्प्यात बसवला. सासऱ्यांना तो शेवटपर्यंत दिसला नाही, आवाज कुठून येतो हे विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "रेडिओ सुधारलाय मामा." एका पुढाऱ्याच्या चिरंजिवांनी जीप आणली आणि म्हणाले, "आप्पा, आवाज असा पाह्यजे, की गाडी वेशीत आली की म्हशी उठून उभ्या राह्यल्या पाह्यजेत." चार स्पीकर बसवले. म्हशींचं माहीत नाही, पण पंधरा दिवसांत जीपच्या पुढच्या काचेचं रबर सुटलं. चिरंजीव खूश होते.

असली कामं मी अभिमानानं केली, खोटं कशाला सांगू. पण इतक्या वर्षांत जे काम डोक्यातून जात नाही ते रशीदभाईंच्या ॲम्बेसिडरचं.

रशीदभाई आष्टीचे. पन्नाशी गाठलेले, किडकिडीत, डोक्याला कायम रुमाल. त्यांची गाडी त्यांच्याहून थकलेली. कुठल्यातरी सरकारी साहेबाची लिलावात निघालेली. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "आप्पा, हिचा रेडिओ काढा, टेप बसवा. पण मला गाणे ऐकायचे न्हाईत."

"मग काय ऐकायचंय भाई?"

"माणसं."

त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळी झाली की आष्टीकडची निम्मी वस्ती ऊस तोडायला नगरच्या पुढं कारखान्यांवर जाते. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. रशीदभाई दर आठवड्याला तिकडं सवाऱ्या घेऊन जायचे, येताना लोक त्यांच्या हाती चिठ्ठ्या द्यायचे. चिठ्ठी लिहिणारा टोळीतला एखादा शिकलेला, वाचणारा गावातला कुणी पोरगा.

"लिव्हनारा एक, वाचनारा दुसरा," रशीदभाई म्हणाले, "मधी बोलनाऱ्याचं बोलनंच गायब होतंय. मागं एका बाईनं लिव्हून घेतलं, 'मी बरी आहे.' म्हातारी मला इचारती, 'भाई, बरी हाय म्हंजी कशी हाय? आवाज कसा व्हता?' आता आवाज म्या कुठून आणू?"

टोळीवर एका मुकादमाकडे रेकॉर्ड करायचा टेप होता. त्यात लोक बोलायला लागले, आणि कॅसेट रशीदभाईंच्या खिशात पडायला लागली. पण वस्तीवर ती वाजवायची कशावर? म्हणून गाडीत टेप. गाडी वस्तीवर न्यायची, चारी दारं उघडायची आणि ऐकवायची.

मला हे काम ऐकताक्षणी आवडलं, आणि कदाचित म्हणूनच पहिल्याच दिवशी मी त्यात माती खाल्ली. आताच्या गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू लोखंडी अंगाला जोडलेली असते. खूप जुन्या गाड्यांत उलटं असायचं, प्लस अंगाला. मला हे माहीत होतं, मी लोकांना शिकवतही होतो. पण त्या दिवशी न बघताच वायर जोडली. नव्याकोऱ्या टेपच्या खाचेतून धुराची एक बारीक रेघ निघाली. रशीदभाईंनी ती बघितली आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, ही उदबत्ती कंपनीकडनं येती का?"

दुसरा टेप मी माझ्याकडचा बसवला. त्याआधी दोन दिवस घालवून गाडीची सगळी वायरिंग फिरवली, प्लसची मायनस केली, डायनामोही सुलटा केला. आणि एक गोष्ट मुद्दाम केली. डॅशबोर्डमधला कंपनीचा जुना स्पीकर काढला नाही. नव्या स्पीकरांत धमधम असते. त्या जुन्या कागदी स्पीकरला गाणं झेपत नसे, पण माणसाचा आवाज तो असा काढायचा की बोलणारा समोर बसलाय. मी तो टेपला जोडला. रशीदभाईंनी स्वतःच्या आवाजात पंधरा-वीस गावांची नावं भरून आणली होती, ती लावली. चाळीस पावलांवर उभा राहिलो, दर नाव स्वच्छ ऐकू आलं. भाई म्हणाले, "मी असा बोलतो? मग बायको बराबर चिडती."

दोन हंगाम ती गाडी वस्त्यावस्त्यांवर फिरली. मी एकदा आष्टीला गेलो असताना ते मला घेऊन गेले होते. गाडी थांबली की माणसं आपोआप जमायची, कुणी बॉनेटजवळ, कुणी दाराशी. फीत सुरू झाली की म्हाताऱ्या डॅशबोर्डकडे बघून उत्तरं द्यायच्या. "जेवलीस का?" असं आतून कुणी विचारलं की बाहेरून उत्तर जायचं, "जेवले रं बाबा." माझ्या चार स्पीकरांच्या जीपकडे कधी कुणी असं बघितलं नसेल.

तिसऱ्या हंगामात रशीदभाई एकदा दुकानावर थांबले. "आप्पा, आवाज जरा लडखडायलाय."

टेपमध्ये एक लहान रबरी चाक असतं. ते फितीला दाबून पुढे ढकलतं. धुळीनं ते चिकट झालं की आधी आवाज डुलतो, मग एक दिवस फीत त्या चाकाला गुंडाळते. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं, पाच मिनिटांचं काम. पण त्या दिवशी माझ्यापुढे एका कंत्राटदाराची नवी गाडी उघडी पडली होती आणि ते साहेब डोक्यावर उभे होते. मी मान वर न करता म्हणालो, "पुढच्या खेपेला बघू भाई."

पुढच्याच आठवड्यात ॲम्बेसिडर दुकानासमोर थांबली. रशीदभाई उतरले नाहीत. खिडकीतून म्हणाले, "आप्पा, घात झाला. मशीननं बाईचं बोलनं खाल्लं."

घडलं होतं ते असं. आष्टीजवळच्या वस्तीवर गयाबाई नावाची म्हातारी राहायची. मुलगा नामदेव आणि सून सुभद्रा ऊसतोडीला, आणि नात मंगल तिच्यापाशी. मंगल नववीत. टोळीतल्याच एका मुकादमाच्या पुतण्यासाठी मंगलला मागणी आली होती. गयाबाईनं निरोप धाडला होता, "पोरीच्या आईचं काय म्हणणं हाय ते मला तिच्या तोंडून कळू द्या." त्याचं उत्तर त्या कॅसेटमध्ये होतं. वस्तीवर दारं उघडून फीत लावली. नामदेव बोलला. मग सुभद्राचा आवाज आला, "आत्याबाई, मंगलचा म्या लई इचार केला..." आणि घुर्र करून आवाज बंद.

रशीदभाईंनी एक शहाणपण केलं. कॅसेट ओढली नाही. तशीच टेपमध्ये ठेवून गाडी सरळ बीडला आणली.

मी टेप बाहेर काढला, वरचा पत्रा उघडला. फीत रबरी चाकाच्या दांडीला दोऱ्यासारखी घट्ट गुंडाळली होती. चिमट्यानं एकेक वेढा सोडवला. बहुतेक निघाली, चुरगळली होती ती बोटांनी सरळ केली. पण आतले वेढे चिंध्या झाले होते. त्या काढून टाकाव्या लागल्या. दोन टोकं ब्लेडनं तिरपी कापली, मागच्या बाजूनं चिकटपट्टीचा तुकडा लावला, कडा साफ केल्या. गेलेली फीत मोजली. दीड वीत. एवढी फीत म्हणजे सात सेकंद.

मी कधी गिऱ्हाइकाची कॅसेट ऐकली नाही, पण जोड धरतो की नाही ते बघायला ही ऐकावीच लागली. आधी नामदेव. "माय, पाव्हणे घाई करायलेत. तुझा होकार आला की सोमवारी सुपारी फोडू. मंगलची आई काय म्हनती ते ऐक." मग सुभद्रा. "आत्याबाई, मंगलचा म्या लई इचार केला..." माझा जोड खट्‌ करून गेला. "...एवढं करा. मग बाकी तुमच्या मनाव हाय."

मी फीत मागं घेऊन पुन्हा लावली, तेवढंच आलं.

"काय करा?" मी म्हणालो.

"तेच तर."

सात सेकंदांत माणूस होही म्हणू शकतो, नाहीही म्हणू शकतो. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं तोडगा सुचवला, "उरकून टाका म्हनली आसंल, सांगून द्या म्हातारीला. सगळे तेच म्हनत्यात." क्षणभर मलाही ते सोपं वाटलं. रशीदभाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "मी आवाज आणून देतो. शब्द म्या घरचे घालत न्हाई."

तो दिवस शुक्रवार होता. चूक माझी होती. दुकानाचं शटर ओढलं, माझा पेटीएवढा रेकॉर्ड करायचा टेप आणि दोन कोऱ्या कॅसेट घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाईंबरोबर निघालो. वाटेत रबरी चाक साफ केलेला टेप डॅशबोर्डमध्ये गप्प होता. गाणं लावावं असं दोघांनाही वाटलं नाही.

कारखाना लागला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. टोळी एका फडात होती. नामदेव कोयत्यानं ऊस तोडत होता, सुभद्रा मागं मोळ्या बांधत होती. तिच्या हाताला पाचटाचे ओरखडे, डोक्याला फडकं. रशीदभाईंना बघून दोघं आली. आणि मी, शहरातला शहाणा माणूस, पुढचामागचा विचार न करता, चार माणसांच्या देखत विचारून मोकळा झालो.

"बाई, मशीननं तुमचं बोलणं खाल्लं. चूक माझी. मंगलचं काय करायचं म्हणालात तुम्ही?"

मी टेपचं बटण दाबून तो तिच्यापुढं धरला. ती काही बोलेना. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग फडाकडे, मग माझ्या हातातल्या टेपकडे. कोरी फीत फिरत होती. मला वाटलं बाई घाबरली, बंद करावं. रशीदभाईंनी माझा हात धरला.

मग ती म्हणाली, "आत्याबाई, मंगलचं लगीन आता करू नगा. तिची धाव्वी होऊ द्या. तिला हिकडं पाठवू नगा. तिच्या हातात कोयता देऊ नगा. एवढं करा."

नामदेव कोयता घेऊन तसाच उभा. "अगं, त्या दिशी तर तू..."

"त्या दिसाचं त्या दिशी," ती म्हणाली.

"पाव्हन्याला काय तोंड दाखवू मी? मुकादमाच्या घरची सोयरीक हाय ती!"

"तुमी कावून दाखविता? मी दाखविते. माझं तोंड काय काळं न्हाई झालं."

टोळीतले लोक काम थांबवून बघत होते. नामदेवाच्या कपाळावरची शीर उडत होती. मला वाटलं, आता काही तरी वाकडं होणार, आणि ते माझ्यामुळं होणार. त्यानं कोयता खांद्यावर टाकला आणि दूर बांधावर जाऊन बसला. सुभद्रा पुन्हा मोळी बांधायला वाकली. टेप सगळं टिपत होता. बंद करायचं भान मला राहिलं नव्हतं.

परत निघताना मी नामदेवाजवळ गेलो. त्यानंच विचारलं, "माझं बोलनं बी भरलं का त्याच्यात?"

"भरलं."

"पुसून टाका."

"पुसलं तर तिचंही जाईल. मधे मधे आहे." हे पूर्ण खरं नव्हतं. दोन जोड टाकून मला ते काढता आलं असतं. पण हातून एकदा फीत गेली होती, पुन्हा ब्लेड लावायची माझी तयारी नव्हती. तो म्हणाला, "मग राहू द्या," आणि पाण्याची कळशी तोंडाला लावली.

रविवारी दुपारी गाडी वस्तीवर लागली. लिंबाखाली दारं उघडली. गयाबाई पुढच्या सीटच्या कडेला बसली, वस्तीवरच्या बायका भोवती. मंगल विहिरीवरून घागर घेऊन येत होती. गाडी बघून तिथंच थांबली, घागर खाली ठेवायचीही विसरली.

आधी फडातली ती लांब शांतता वाजली. नुसता कोयत्यांचा आवाज. गयाबाई म्हणाली, "बिघडलं का पुन्ना?" रशीदभाई म्हणाले, "न्हाई. इचार करायलीय." मग सुभद्राचा आवाज आला, आणि त्या जुन्या स्पीकरनं आपलं काम केलं. तिचा श्वाससुद्धा कळत होता. मग नामदेवाचं ओरडणं, मग तिचं उत्तर. शेवटी पाचट वाजलं आणि फीत संपली.

मंगलनं घागर हळूच जमिनीवर ठेवली.

गयाबाईनं पदर सावरला. "मला बी हेच वाटत व्हतं," ती म्हणाली. "पर पोर तिच्या पोटची. ती 'करा' म्हनली आसती तर मी कोन आडवी पडनारी? सुपारी फुटलीच आसती की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या त्या पेटीत माझं भरा."

मी बटण दाबलं. म्हातारी टेपच्या इतकी जवळ आली की मला टेप मागं घ्यावा लागला. "नामदेवा, पोरगी माझ्यापाशी हाय अन् माझ्यापाशीच ऱ्हाईल. पाव्हन्याला म्हनावं, आमची म्हातारी लई खवीस हाय, ऐकत न्हाई. माझ्यावर घाल समदं. अन् सुनंला घालून पाडून बोलू नगस." थांबली, आणि म्हणाली, "जेवत जा येळंवर."

मंगल कधी जवळ आली कळलं नाही. तिनं विचारलं, "मी बोलू?" मी मान हलवली. ती टेपकडं तोंड करून म्हणाली, "आई, आपली शेळी व्याली. दोन करडं झालीत. एक काळं हाय, एक तुझ्या लुगड्यावानी ठिपक्याठिपक्याचं." आणि पळून गेली.

ती कॅसेट त्याच संध्याकाळी आष्टीहून पुढे गेली. सोयरीक मोडली. मुकादमानं पुढच्या वर्षी नामदेवाला टोळीत घेतलं नाही, त्याला दुसरा कारखाना बघावा लागला. हे मला रशीदभाईंकडून कळलं तेव्हा बरं वाटलं नाही. माझ्या पाच मिनिटांच्या आळसानं एका घराची घडी विस्कटली, असं वाटत राहिलं. दुकानात त्यानंतर मी एक नियम केला, आलेल्या कुठल्याही गाडीचं रबरी चाक आधी पुसायचं, मग काय काम आहे ते विचारायचं. लोक हसायचे.

हळूहळू वस्त्यांजवळ टेलिफोनचे पिवळे डबे लागले. रशीदभाईंच्या खिशात कॅसेट यायच्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. त्यांनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही. "आता म्हाताऱ्या सोताच इचारत्यात, सोताच आयकत्यात. ब्येस हाय," म्हणायचे.

मंगल दहावी झाली, बारावीही झाली. मग कड्याकडच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलगा तिनं बघून हो म्हटलेला. नवरीसाठी गाडी अर्थातच रशीदभाईंची, आणि आमंत्रण मलाही आलं. नामदेवानं मला दारातच मिठी मारली, मला त्याची अपेक्षा नव्हती. गयाबाई खाटेवरून सगळ्यांना हुकूम सोडत होती.

पंगतीत मी आणि भाई शेजारी बसलो होतो. सुभद्रा बुंदी वाढत आली. केस पांढरे व्हायला लागले होते, हातावरचे ओरखडे तसेच. मला इतकी वर्षं मनात होतं ते मी बोललो. "वहिनी, त्या दिवशी फडात मी सगळ्यांसमोर विचारलं. तुमचं आतलं बोलणं उघड्यावर आणलं. ते चुकलं माझं. त्या फितीत तुम्ही गुपचूप जे सांगितलं होतं ते..."

तिनं बुंदीचं पातेलं कमरेवर घेतलं आणि हसली.

"गुपचूप काय आप्पा? ह्येंच्या म्होरंच बोलले व्हते. अन् त्या फितीत म्या तसं म्हनलंच नव्हतं."

"मग?"

"'चांगलं ठिकान हाय, उरकून टाका, एवढं करा', आसं म्हनले व्हते."

रशीदभाईंचा हात घासावर थांबला. त्या सात सेकंदांत हो होतं. फीत शाबूत राहिली असती तर सोमवारी सुपारी फुटली असती.

"मग फडात वेगळं कसं बोललात?" मी विचारलं.

"ह्येंनी सांगितलं व्हतं काय बोलायचं ते, म्या बोलले. बाकी कुनी काय इचारलंच न्हवतं," ती म्हणाली. "तुमी इचारलं, मंगलचं काय करायचं. मग म्या इचार केला."

तिनं माझ्या पत्रावळीवर बुंदी वाढली आणि ती पुढच्या पानाकडे गेली.